टण की ढब

सोमवार, २४ मार्च

आजपासून एक्केचाळीस दिवस चुलीवर चढलेलं काहीही खाणार नाही. काकडी, भिजवलेले शेंगदाणे, मोड आलेले मूग, आणि मुख्य म्हणजे टरबूज. निसर्गोपचाराच्या शिबिरातल्या गुरुजींनी सांगितलंय की सोबत रोजनिशी ठेवायची आणि खरं लिहायचं. खोटं लिहिलं तर गुण येत नाही म्हणे. म्हणून आधीच लिहून टाकतो: सकाळी सहाला चहा घेतला. आहार सातपासून सुरू झाला असं धरू.

कारण कानातली शिट्टी. दोन वर्षं झाली, उठता-बसता मला कुकरची शिट्टी ऐकू येते. मी यशोदाला विचारतो, दुपारी तीनला कुकर कशाला लावतेस? ती म्हणते, लावलेलाच नाही. चौतीस वर्षांच्या संसारात बायको कुकरवरून खोटं बोलेल असं वाटलं नव्हतं. गुरुजींनी उलगडा केला. शिजलेल्या अन्नाची उष्णता डोक्यात चढते आणि वाट मिळेल तिथून शिट्टी मारते. मला तत्काळ पटलं. मी जन्मभर कुकर विकलेत.

धीरजला मात्र यात विनोद दिसतो. भांड्यांच्या दुकानाचा मालक कच्चं खाणार, मग गिऱ्हाइकानं कढई कशाला घ्यायची, असं म्हणाला. मुलगा असला तरी धंद्याचं बोलतो. तो बायको-पोरांसह वर्ध्यात दुकानाच्या माडीवर राहतो, इथे सिंदी मेघेत आम्ही दोघंच. त्याच्याशी करार झालाय: एक्केचाळीस दिवसांत शिट्टी गेली नाही, तर कानाच्या डॉक्टरकडे जायचं आणि तो कानात जे घालेल ते घालून घ्यायचं. म्हणजे मशीन. मी हो म्हटलं, कारण ती वेळ येणार नाही.

आमच्या धंद्यात कानात मशीन घालून कोणी बसत नाही. गिऱ्हाईक भांडं वाजवून घेतं, आम्ही वाजवून देतो. पाणी भरायचा पितळेचा गुंड टिचकीला टण्ण बोलला तर चोख, बद्द बोलला तर कुठेतरी तडा आहे. ज्याला वाजलेलं कळत नाही त्यानं प्लास्टिकच्या बादल्या विकाव्यात. आणि मला ऐकू येतं. शिट्टी तेवढी जास्तीची येते.

गुरुवार, २७ मार्च

चौथा दिवस. आर्वी नाक्यावर प्रेमदास टरबुजांचा ढीग लावून बसतो. त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि एकेक टरबूज टिचकीनं तपासलं. पंचवीसेक झाली असतील. मागे लोक खोळंबले, पण घाई करून माल घेणं माझ्या रक्तात नाही. शेवटी एक सापडलं, जरा तरी टणक बोलणारं. घरी आणून कापलं तर आत दुधी भोपळा. पांढरंफेक.

खाल्लं. गुरुजी म्हणतात, जिभेचे लाड म्हणजे रोगाला आवतण. या हिशेबानं आज मी रोगाचा पार अपमान केला.

रविवार, ३० मार्च, पाडवा

शेजारून पुरण शिजल्याचा वास. आमच्याकडे यशोदानं पुरणपोळ्या केल्या, गुढीला नैवेद्य दाखवला आणि माझ्यासमोर ताट ठेवलं. मी ताट नमस्कार करून बाजूला सारलं आणि टरबुजाच्या सहा फोडी खाल्ल्या. ती काहीतरी म्हणाली. हल्ली तिला ओठांतल्या ओठांत बोलायची सवय लागलीय. मी "काय?" म्हटलं. तिनं परत सांगितलं, तेही पुटपुटत. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. तिसऱ्यांदा विचारलं की घरात भांडण होतं, हा दोन वर्षांचा अनुभव आहे.

रात्री डबा पाहिला. फक्त पाहिला. सगळ्या पोळ्या संपलेल्या. धीरजची पोरं येऊन गेली होती, पण एवढ्या पोरं खाणार नाहीत. यशोदानंच हात मारला असणार. माझ्या तपाचा तिच्या भुकेवर परिणाम झालेला दिसत नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

प्रेमदासशी आज वाद. सलग पाच टरबुजं पांढरी निघाल्यावर माणूस बोलणारच. तो हसून म्हणाला, "काकाजी, तुमी टरबुजाले गुंडावानी वाजवून राह्यले ना! टण वाजलं का कच्चं, ढब वाजलं का पक्कं. हे भांडं नाई, उलटं असते."

आयुष्यभर टणच्या मागे धावलो आणि इथे ढब हवं! पण पटलं. आत पाणी भरलेला गुंडही ढबच बोलतो. प्रेमदासनं आणखी शिकवलं. बुडाला पिवळा डाग हवा, कारण तेवढा भाग मातीवर टेकून पिकलेला असतो. देठ वाळलेला हवा. आणि हातात घेतल्यावर आकारापेक्षा जड लागलं पाहिजे. मी म्हटलं, डाग आणि देठ पाहणं हे ज्याला कान नाहीत त्याचं काम. आपण आवाजावर घेणार.

आता मजा अशी की मला सगळीच ढब ऐकू येतात. ढिगातलं कुठलंही उचलावं आणि ढब! याचा अर्थ माल एकजात पिकलेला आहे. मी एक मोठं निवडलं. प्रेमदास म्हणाला, "काकाजी, हे सुंदर निंघन." घरी कापलं. पांढरं.

शुक्रवार, ४ एप्रिल

जाब विचारला. प्रेमदास शपथेवर सांगतो की तो "पांढरं निंघन" म्हणाला होता आणि तरी मी हसत हसत पिशवीत टाकलं. पांढरं निघेल असं सांगून कोणी टरबूज विकतं का? खोटं बोलायलाही अक्कल लागते.

बुधवार, ९ एप्रिल

सतरावा दिवस. गुण दिसू लागला. मन अतिशय शांत झालंय. सकाळी अंगणात बसलो तर पाखरांचा कलकलाट नाही, भंगारवाल्याची आरोळी नाही, शेजारच्या मोटरसायकलची फटफट नाही. गुरुजी म्हणाले होतेच, कच्च्या आहारानं माणूस बाहेरच्या गोंगाटापासून सुटतो. शिट्टी अजून आहे, पण तीही शांततेत जास्त सुरेल वाटते.

टीव्ही मात्र बिघडला. आवाज पुरा वर नेला तरी बातमीदार कुजबुजतो. शेजारचे वासनिक भिंतीवरून डोकावून काही म्हणाले, मी हात केला. टीव्ही दुरुस्तीवाला आला. त्यानं टीव्ही लावला, दोन्ही कानांवर हात ठेवले आणि टीव्ही ठीक आहे म्हणून निघून गेला. हल्लीच्या कारागिरांना काम करायलाच नको.

संध्याकाळी यशोदा म्हणाली, "एकदा पान दाखवा डॉक्टरले." मी म्हटलं, विड्याचं पान कच्चंच असतं, त्यात डॉक्टरला काय विचारायचं?  ती कपाळाला हात लावून आत गेली. कात आणि चुना मात्र भट्टीतून येतात, हे नंतर लक्षात आलं. ती बरोबर होती. पान बंद.

मंगळवार, १५ एप्रिल

पारा चव्वेचाळीस. आज तीन टरबुजं. दोन पांढरी, एक आतून फसफसलेलं. वजन पाच किलो उतरलंय. पॅण्ट कंबरेला धरून चालावं लागतं.

यशोदाही वाळलेली दिसते. बांगड्या कोपराकडे घसरतात. माझा आहार नुसता पाहूनही गुण देतोय. गुरुजींना कळवायला हवं. आणखी एक नवल: गॅसचा सिलिंडर संपतच नाही. मार्चच्या सुरुवातीला लावलेला अजून जड आहे, आणि शिट्टी तर दिवसभर चालू. हल्ली सिलिंडर चांगले भरून देत असावेत.

सोमवार, २१ एप्रिल

अक्षय तृतीयेची लग्नं तोंडावर. आंदणाच्या भांड्यांसाठी भंडाऱ्याहून पितळेचे चाळीस गुंड आले. भैयाजींचा माल, वीस वर्षांचा व्यवहार. गाडी उतरताच मी एक गुंड उचलून टिचकी मारली. बद्द. दुसरा, बद्द. तिसरा, चौथा, दहावा, सगळे बद्द! चाळीसच्या चाळीस गुंड तडकलेले. माझ्या उभ्या जन्मात असा माल दुकानात आला नव्हता.

धीरज कळमन्याच्या बाजाराला गेला होता, म्हणून मीच निर्णय घेतला. गाडी तशीच परत पाठवली आणि भैयाजींना फोनवर जे तोंडात आलं ते ऐकवलं. चोर म्हटलं. ते मधेमधे काही बोलत होते, पण फोनवर माणसाला स्पष्ट बोलता येत नाही, हा त्यांचा दोष. वीस वर्षांनी माणूस असा बदलतो.

घरी येऊन यशोदाला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि लगेच धीरजला फोन लावला. माझ्याकडे पाठ करून बोलत होती.

गुरुवार, २४ एप्रिल

भैयाजी स्वतः आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, सोबत गाडी, गाडीत तेच चाळीस गुंड. दुकानात गर्दी होती. दोन लग्नांची माणसं आंदण घ्यायला बसलेली. भैयाजींनी कोणाला नमस्कार केला नाही. एक गुंड काढला, उजव्या हातानं उंच धरला आणि डाव्या हाताच्या बोटातल्या अंगठीनं वाजवला.

मी पाहिलं की सगळ्यांच्या माना एकदम त्या गुंडाकडे वळल्या. एका बाईच्या मांडीवरचं निजलेलं पोर दचकून उठलं आणि रडायला लागलं. त्याचं तोंड उघडलेलं मला दिसत होतं.

मला बद्द ऐकू आलं. खरं लिहायचं तर, बद्दही नीट आलं नाही.

भैयाजींनी दुसरा वाजवला, तिसरा वाजवला. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि थांबले. ज्यासाठी ते भंडाऱ्याहून आले होते ते भांडण त्यांच्या चेहऱ्यावरून उतरत गेलेलं मी पाहिलं. तेच मला सहन झालं नाही. ते पुढे आले, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि मोठ्यानं म्हणाले, "वासुदेवराव, वाजून राह्यला ना!" एवढं ऐकू आलं.

धीरजनं गल्ल्यामागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. लहानपणी तो पडला की मी ठेवायचो तसा.

शुक्रवार, २५ एप्रिल

दुकानात गेलो नाही. टरबूज खाल्लं. कसं निघालं ते पाहिलं नाही.

सोमवार, २८ एप्रिल

एक्केचाळीस भरायची वाट पाहिली नाही. डॉक्टरकडे धीरज सोबत होता. बारीकशा खोलीत बसवून कानात टीप टीप आवाज सोडले. ऐकू आलं की बटण दाबायचं. मला वाटलं, यंत्र अजून सुरू केलेलं नाही. बाहेर आल्यावर समजलं की तपासणी होऊन गेली होती.

डॉक्टर म्हणाले, बारीक, उंच आवाज आधी जातात. टण जातं, ढब राहतं. बायकांचे आवाजही हळूहळू जातात, त्यामुळे घरची माणसं पुटपुटतात असं वाटतं. शिट्टी ही चुलीची नाही, कानाचीच आहे. आहाराचा आणि कानाचा संबंध नाही, पण टरबूज खायला हरकत नाही.

मी विचारलं, किती वर्षं झाली असतील? म्हणाले, पाच-सहा तरी. मी मनात मागे मागे जात राहिलो. पाच-सहा वर्षांत यशोदा माझ्याशी काय काय बोलली असेल? आठवेना. आठवणार कसं?

बुधवार, ३० एप्रिल, अक्षय तृतीया

सकाळी मशीन मिळाली. आजच मिळेल हे यशोदाला माहीत नव्हतं. कानामागे चण्याएवढी बसते. रस्ता अंगावर आला. चपला वाजतात! वर्तमानपत्र उलटलं की फरफर वाजतं! घरी आलो तेव्हा यशोदा ओट्याशी पाठमोरी होती. फाटक, दार, चप्पल, सगळं वाजलं तरी तिनं वळून पाहिलं नाही. मी आलो की बोलायचं नाही, उपयोग नाही, हे तिचं ठरून गेलेलं. मी नेहमीसारखा येऊन खुर्चीवर बसलो. तिनं पाठमोरीच टरबूज कापायला घेतलं आणि बोलू लागली.

"आले का? बसा. खा दोन किलो पानी. आज सणाले घरात चिंचवनी नाई का कुरडई नाई. कोनासाठी करू? एकलीसाठी कोन कढई चढवते? सव्वा महिना झाला, पोळी अन् मिरची खाऊन राह्यली. धीरज म्हनते आमच्याकडे ये जेवाले. जाऊ कशी? हा मानूस घरी एकला बसून टरबूज कुरतडन. पायऱ्या चढाले गुडघा नाई म्हनते, ते सांगू कोनाले? सांगतलं तं म्हनते 'काय?' दोनदा सांगतलं तरी 'काय?' देवा, टरबुजावर जगू दे, कायच्यावरबी जगू दे, पन जगू दे बाप्पा."

हे सगळं ती हळू, सरळ सुरात बोलली. पुटपुटली नाही. एकेक अक्षर स्पष्ट होतं. तिचा आवाज असा आहे हे मी विसरलो होतो.

मी गप्प बसून ऐकलं. चोरून ऐकलं, खरं लिहायचं म्हणून लिहितो. आणखी ऐकावं असं वाटत होतं, पण ती फोडींची ताटली घेऊन वळली आणि माझ्या तोंडाकडे पाहून थबकली. मी म्हटलं, "गुडघा कधीपासून दुखतोय?"

ताटली खाली पडली. स्टीलची होती, आपल्याच दुकानची. खणखणीत वाजली.

शुक्रवार, २ मे

आहार परवाच मोडला. पहिला वरणभात खाल्ला, ती समोर बसून जेवली. काल तिला घेऊन गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेलो. भैयाजींना फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, गुंड खपले का सगळे? खपले.

पण घरात आता शब्द नाही. यशोदा माझ्यासमोर बोलतच नाही. "जेवता?" "हो." "पानी?" "दे." संपलं. स्वयंपाकघरात तिचा आवाज येतो, मी दाराशी गेलो की बंद होतो. मला वाटलं होतं, मशीन लावली की सगळं परत मिळेल. कान मिळाले, आणि ती ओशाळून बसली. पाच-सहा वर्षं ती माझ्याकडे पाठ करून मनातलं सगळं बोलायची. मी कधी ऐकणार नाही, एवढ्या एका भरवशावर. तो भरवसा मी मोडला.

मी म्हटलं, "बोल ना. आता ऐकू येतं."

"म्हनूनच तं," ती म्हणाली.

रविवार, ४ मे

दोघं मिळून आर्वी नाक्यावर गेलो. यशोदानं टिचकी वगैरे मारली नाही. ढिगाकडे पाहिलं, एक उलटं करून बुडाचा डाग पाहिला, दोन्ही हातांत तोललं आणि माझ्या हातात दिलं. प्रेमदास म्हणाला, "काकूले शिकवाची गरज नाई." मी तेवढ्यात वाजवून पाहिलंच. ढब. आणि बाजूचं वाजवलं. टण! दोन वेगळे आवाज, दोन वेगळी टरबुजं. मी दहा-बारा वाजवून घेतली. लोक खोळंबले.

घरी आल्यावर तिनं कापलं. लाल. आम्ही ताटली मधे ठेवून समोरासमोर बसलो. एक फोड झाली, दोन झाल्या. ती बिया ताटलीच्या काठाशी ओळीनं लावत होती. मग म्हणाली, "आयकता का जी?"

"ऐकतोय."

"जराशीक मशीन काढा. मले बोलाचं हाय."

मी तिच्याकडे पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती. मी मशीन काढून टेबलावर ठेवली.

ती बोलू लागली. पाठमोरी नाही, माझ्याकडे तोंड करून. मला काही कळत नव्हतं, आणि ओठांवरून ओळखायचा प्रयत्न करावासा वाटला तेव्हा मी ताटलीकडे पाहिलं. तो सौद्याचा भाग होता. पंधरावीस मिनिटं झाली असतील. मधे तिनं एकदा पदरानं डोळे पुसले. एकदा बोट रोखून माझ्यावर चिडली, ते मात्र न ऐकताही समजलं. एकदा खुदकन हसली. कशाला हसली ते विचारायची फार इच्छा झाली. विचारलं नाही. मान हलवली नाही, हं-हूं केलं नाही. उठलोही नाही.

बोलून झाल्यावर ती पाणी प्यायली. मग तिनं स्वतःच टेबलावरची मशीन उचलली, माझी मान वळवून कानामागे बसवली, नीट बसली का ते दोनदा पाहिलं आणि म्हणाली, "सांजच्याले काय रांधू?"